पडद्याच्या कोपऱ्यातली आई

मी, मात्सुनागा इसोए, गाण्यातलं नाव मिनाझुकी रेइ, वय एकोणसत्तर, धंदा गाण्याचा (घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज गेल्यापासून बंद), राहणार असाकुसा, तोक्यो, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. बिघडलं असतं तर इतके राग लक्षात राहिले नसते.

असाकुसाची खोली आणि बँकेत जे काही शिल्लक असेल ते तामुरा शिगे हिला द्यावं. तिने माझं पथ्यपाणी केलं आणि शिव्याही खाल्ल्या. माझ्या भाच्यांपैकी कोणी हक्क सांगायला आलंच, तर त्याला चहा पाजून वाटेला लावावं.

किमोनो विकून टाकावेत. जांभळ्या रंगाचा एकही माझ्याकडे नाही, शोधत बसू नये. कारण पुढे येईल.

राष्ट्रीय गीत सन्मानाची सोनेरी बाहुली माझे जुने व्यवस्थापक कुसाकाबे यांना वृद्धाश्रमात पोचवावी. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या ३१ डिसेंबरला माझं ‘मिठाची वाट’ वर्षातलं सर्वोत्तम गाणं ठरलं. जिंकणाऱ्याने तेच गाणं पुन्हा गायचं, आणि गाताना टीव्हीच्या पडद्याच्या कोपऱ्यात त्याच्या गावचं घर थेट दाखवायचं, अशी रीत होती. कुसाकाबे कानात म्हणाले, “रडायचं ते दुसऱ्या कडव्याला. आई बघतेय हो!” कोपऱ्यात सुझु गावचं आमचं घर दिसलं. दिव्याकडे पाठ करून, किमोनोवर जांभळा हाओरी, म्हणजे अंगरखा, घालून आई बसली होती. तिने हात हलवला. जन्मभर मिठागरात राबलेली माझी आई! मी तिच्यासाठी गायले. सगळा देश रडला म्हणतात.

दुसऱ्या दिवशी घरी पोचले तर आई पांढऱ्या कापडाखाली. आदल्या संध्याकाळीच गेली होती. धाकटी बहीण किनुए शेजारी बसलेली, अंगात तोच जांभळा हाओरी.

“मग काल हात कोणी हलवला?”

“मी, ताई.”

मी तिच्या थोबाडीत मारली. आईसमोर, सगळ्या गावासमोर. कुसाकाबेंना जाब विचारला तर म्हणाले, “बाई, प्रेक्षकांना आई लागते. मेलेली आई चालत नाही.” आई अत्यवस्थ असल्याचे, मग गेल्याचे फोन त्यांना दुपारपासून येत होते. म्हणून ती बाहुली त्यांची. त्या दिवशी जिंकले ते तेच.

किनुएशी त्यानंतर चाळीस वर्षं मी बोलले नाही. सुझुचं घर मात्र माझ्या नावावर ठेवलं, तिला तिथे माझ्या मेहेरबानीवर राहावं लागावं म्हणून. ती गेल्या महिन्यात दवाखान्यात आली. म्हातारी झालीय. माझा आवाज गेलेला, म्हणून मी पाटीवर लिहिलं, “का बसलीस तू?”

“आई दुपारभर एकच घोकत होती. ‘इसो गाऊन होईपर्यंत मला मरू देऊ नका.’ आणि गेली. मग मी काय करणार होते गं? नाही मरू दिली. तिचा हाओरी अंगात घातला आणि बसले. आई पलीकडच्या खोलीत होती. मधलं दार ते टीव्हीवाले सारखं उघडायला बघत होते, मी एका हाताने धरून ठेवलं होतं.”

“इतकी वर्षं सांगितलं नाहीस?” मी पुन्हा लिहिलं.

“तू विचारलंस कुठे? मारलंस.”

 

म्हणून सुझुचं घर, अंगण आणि आईच्या थडग्याशेजारची जागा किनुएची. उपकार म्हणून नव्हे, ते आधीपासूनच तिचं होतं.

माझ्या अंत्यविधीला ‘मिठाची वाट’ वाजवायची नाही. रेकॉर्ड कंपनीची माणसं हट्ट करतील, फुलांच्या कमानी आणतील. फुलं घ्यावीत, माणसं परत पाठवावीत.

शेवटचं. किनुएने आईचा जांभळा हाओरी घालून पहिल्या रांगेत बसावं, दिव्याकडे पाठ न करता. उदबत्ती लावून झाली की माझ्या फोटोकडे बघून एकदा हात हलवावा. यावेळी हात कोण हलवतंय ते मला ठाऊक असेल.

हे सर्व वाचून, शुद्धीत राहून सही-शिक्का केला.

मात्सुनागा इसोए

साक्षीदार: डॉ. हिरागा ताइझो, आणि परिचारिका ओरिगासा नोबु (दोघांसमक्ष सही झाली)

तोक्यो, १९ नोव्हेंबर २०१९