स्वच्छ पाण्याची टाकी

३ मार्च, सोमवार
टाकी दोनचे मासेही बिघडले! दोनचे — जिथे बिघडायला काही कारणच नाही!

टाकी एकमध्ये किनाऱ्यालगतचं पाणी. प्लास्टिक, साबण, औषधं, शहराचं काय काय त्यात उतरलेलं. त्यातल्या जिताड्यांचं शरीर फसणार, नरांच्या रक्तात अंड्याच्या बलकाचं प्रथिन येणार, हे मी धरूनच होते. जिताडा आधी नर असतो, चांगला थोराड झाला की मादी होतो. पण हे तर अजून तळहाताएवढे! आणि दोनमध्ये गाळलेलं, तपासलेलं पाणी, तुलनेपुरतं. त्यांचे आकडे एकपेक्षाही जास्त.

दोन वर्षांचं काम मातीत. घरी येऊन नवऱ्यावर, प्रफुल्लवर, उगीच खेकसले. बिचारा तुआसहून, कामावरून, नुकताच आला होता.

५ मार्च
पाइप बदलले. खाद्य तपासून घेतलं. नळाला येणारं पाणी निर्मळ. मग टाकीत पोचल्यावर त्याला होतं काय?

अंगातून वाफा निघतायत. क्लिनिकमधून आणलेलं जेल सकाळी हाताला चोळते, त्यानेच काय ते जरा बरं वाटतं. डॉक्टरीणबाई म्हणे, "पाळी जायच्या वयात हे व्हायचंच." मोठीच माहिती दिली!

७ मार्च
सिऊ लिंग! मासे पकडायचं, वजन करायचं काम तिचं. दोन्ही टाक्यांना एकच जाळी वापरत असणार. विचारलं तर म्हणाली, "आय ऑलवेज वॉश. यू आल्सो नो, वॉट!" तिच्या हाताला क्रीमचा वास येत होता. मी लॅबमध्ये अत्तर लावून येत नाही, पाण्याची बाटलीसुद्धा स्टीलची.

बॉसना सांगून टाकलं.

१० मार्च
तिला टाक्यांच्या खोलीत बंदी. काँट्रॅक्टचं शुक्रवारी ठरणार. दुपारी हॉकर सेंटरमध्ये जेवताना माझ्याकडे पाठ करून बसली. इतकी वर्षं माझी कमी साखरेची कोपी, म्हणजे इथली कॉफी, न सांगता आणायची. वाईट वाटलं. वाटणारच.

सकाळची साफसफाई नेहमीसारखी मीच केली. एकला दंडापर्यंत हातमोजे — त्या पाण्यात कोण हात घालणार, बाई! दोनला मोकळा हात. मासे बोटांशी येतात. जिवाला तेवढाच गारवा.

१२ मार्च
नवे आकडे. दोनचे आणखी वाढले. सिऊ लिंग तर आत पाऊलही टाकत नाही! आधीचा परिणाम असेल, म्हटलं. पटलं नाही.

१३ मार्च, गुरुवार
सकाळी प्रणिता नाश्ता करता करता माझ्या जेलचा कागद वाचत होती. "आई, वन अवर कॅनॉट वॉश युअर आर्म, लह. इट्स हॉर्मोन. कॅन गो टू अदर पीपल."

"कळतं गं मला," म्हटलं. आणि एका पायात चप्पल घालून तशीच उभी राहिले.

इस्ट्रोजेन. माद्यांच्या अंगात बलक तयार करायला लावणारं तेच. खांद्यापासून मनगटापर्यंत, रोज. मग तासाच्या आत तोच हात टाकी दोनमध्ये. घाण पाण्यापासून स्वतःला जपलं. स्वच्छ पाण्याला माझ्यापासून जपायचं डोक्यातच आलं नाही. लाज वाटते. भयंकर.

लॅबला गेले नाही. सिऊ लिंगच्या बिल्डिंगखाली बसलेय. कारण सापडलं, असा मेसेज टाकला. लगेच उत्तर — "रिअली? हू?"

खाली ये, एवढंच लिहिलं. लिफ्ट उतरतेय.