आक्काचा ताप आणि कारखान्याचा हौद

३ फेब्रु.
पुण्याहून थेट साखर कारखान्यावर, आक्का-दाजी ऊसतोडीला आलेत तिथे. बाहेर ऊन, आणि आक्का कोपीत, पाचटाच्या झोपडीत, दोन वाकळांखाली कुडकुडतेय. दाजी म्हणाले, "डॉक्टरनं सलाइन लावलं, टायफाईड म्हनला." रक्त तपासलं का? "न्हाई." डोकंच फिरलं.

४ फेब्रु.
जीपने केजला नेलं. लॅबवाल्याला गळ घालून सूक्ष्मदर्शकात मीच पाहिलं. लाल पेशींत बारीक अंगठ्या. मलेरिया, तोही फॅल्सिपेरम, जिवावर बेतणारा. पीएच.डी.साठी रोज हेच बघते, पण ते रक्त अनोळखी दात्याचं असतं. हे आक्काचं.
या परोपजीवीच्या आरएच-५ प्रथिनाने लाल पेशीवरचं बेसिजिन पकडलं नाही, तर त्याला आत शिरताच येत नाही. आम्ही ती पकड प्रतिपिंडं घालून अडवतो. परिषदेत टाळ्या मिळतात. इथे तपासायला रक्ताची साधी काचपट्टी कुणी केली नाही.
गोळ्या सुरू.

६ फेब्रु.
ताप उतरला. मग कोप्यांमागचा हौद पाहिला. दुष्काळ, म्हणून टँकरचं पाणी त्यात साठवतात. झाकण नाही. अळ्या पाण्यालगत आडव्या. अ‍ॅनाफिलीसच, मलेरिया पसरवणारा डास.
कारखान्याच्या चेअरमनकडे गेले. चहा, शाल, "आपल्या भागाची लेक शास्त्रज्ञ झाली." सगळ्या ऊसतोड टोळ्यांचं रक्त तपासा म्हटल्यावर हसू गेलं. "मलेरियाचं नाव काढू नका, ताई. टोळ्या निघून गेल्या तर सभासदांचा ऊस उभा वाळंल."
ऊस वाळेल. आणि माणसं?

७ फेब्रु.
मी बोलावलेल्या आरोग्यसेविकेला वॉचमनने गेटवरूनच परत पाठवलं. आक्का उलट माझ्यावर उखडली. "तू जाशील पुण्याला. मुकादम आमाला काढून दील. कावून भांडतीस?" तिचाही राग आला.

९ फेब्रु.
शेजारच्या कोपीतल्या काशीबाई तापात बरळायला लागल्या. दाजींनी केजला नेलं. जीप दिसेनाशी होईस्तोवर आक्का उभी होती. मग कोप्याकोप्यांतून फिरली. बायकांशी काय बोलली, मला सांगितलं नाही.

१० फेब्रु.
आज टोळ्या उसाच्या फडात गेल्याच नाहीत. मुकादम ओरडून थकला. आक्काचा ताप उतरून चारच दिवस झालेत, तरी जाऊन हौदाच्या कठड्यावर बसली. "आदी समद्यांचं रगात तपासा. मग तोड." बायका तिच्याभोवती.
आरोग्यसेविका पुन्हा इकडे यायला निघाल्यात. चेअरमनची गाडीही निघाली म्हणे. मी गेटपाशी, उभ्यानेच लिहितेय. गेटचं कुलूप तसंच आहे. किल्ली वॉचमनच्या खिशात, आणि तो माझ्याकडे बघत नाही.