सालीचा रंग

वडगाव, बेळगाव
६ जानेवारी २०२५

चि. रचनास,
आज्जी मालुबाईचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. इकडे साखर सोडून सगळं गोड आहे.

तुझं पत्र शेजारच्या आण्णाप्पांच्या सौम्यानं दोनदा वाचलं. सालीतल्या रंगाचं नाव फ्लेवोनॉइड म्हणताना तिची जीभ तीनदा घसरली. आता मी बोलते तेही तीच लिहितेय.

कांद्याच्या सालीतला पिवळा रंग वेगळा काढून तुम्ही साखरवाल्या उंदरांना दिला आणि त्यांची साखर उतरली! ऐकून मी सौम्याला तेवढं वाक्य पुन्हा वाचायला लावलं. अगं, मी नवी नवरी असताना सासूनं हेच शिकवलं. साली उकळायच्या, सूत बुडवायचं. त्या सोनेरी सुताच्या साड्या मागावर माझ्या हातून किती विणल्या गेल्या, आणि उरलेलं पाणी मी परसात ओतत होते. औषध ओतत होते व्हय मी?

आता रोज पेलाभर पिते. चव तुझ्या आजोबांनी केलेल्या चहासारखी.

एक शंका आहे. सूत आधी तुरटीच्या पाण्यात भिजवलं न्हाय, तर पहिल्या धुण्यात रंग निघून जातो. मग अंगात हा रंग कशानं धरतो गं?

लोभ आहेच, उंदरांपेक्षा जरा जास्त मलाही असू दे.
तुझी आज्जी

(ताई, हे मी माझ्या मनानं लिहितेय. आज्जींनी पंधरा दिवस गोळ्या बंद केल्यात. काल साखर तीनशे चाळीस होती. डाव्या पायाच्या अंगठ्याला निखाऱ्याचा फोड आलाय, चटका त्यांना कळलाच नाही. — सौम्या)


पुणे
११ जानेवारी २०२५

ती. आज्जीस,
दोन्ही पायांना हात लावून, डाव्याला जरा जपून, सा. न. वि. वि.

फोडाचं मला कळलं. कुणी सांगितलं ते विचारू नकोस. हे पत्र ऐकून झालं की तशीच उठ आणि सौम्याबरोबर डॉक्टरांकडे जा.

आज्जी, उंदरांना आम्ही शुद्ध केलेला रंग तोलून देतो. माणसांसाठी ते अजून औषध झालेलं नाही. झाडानं हा रंग उन्हापासून अंग राखायला केलेला असतो. आपल्या अंगात मात्र तो थोडाच शिरतो आणि काही तासांत धुऊन जातो. तुझी शंका मी प्रयोगशाळेच्या बैठकीत जशीच्या तशी वाचली. आमचे प्रमुख नागेंद्र सर यांनी पत्र हातात घेऊन ती ओळ स्वतः पुन्हा वाचली. मग म्हणाले, चार वर्षं आपण जिथं अडकलोय, तिथं या बाई एका पत्रात पोचल्या. ती तुरटी आम्हाला अजून सापडलेली नाही. (खरी तुरटी खाऊ नकोस!)

साखरेपायी आजोबांचा पाय कापला तेव्हा मी दहावीत होते. त्या दिवशी मी हा अभ्यास मनाशी धरला. तुझाही पाय गेला, तर मी कुणासाठी शोधू?

लोभ असावा, गोळ्यांवरही.
तुझी रचना


वडगाव, बेळगाव
२ फेब्रुवारी २०२५

चि. रचनास,
दोन पायांवर उभ्या असलेल्या आज्जीचे आशीर्वाद. वि. वि.

गोळ्या चालू आहेत. फोड सुकला, साखर एकशे ऐंशीवर आली. डॉक्टर लई ओरडले. चहाडी कुणी केली ते मला ठाऊक आहे. ती आत्ता मान खाली घालून लिहितेय.

गोळ्या कडू म्हणून सोडल्या न्हायत गं. माझ्या नातीनं शोधलेलं औषध सगळ्यांत आधी मी घ्यावं, एवढंच मनात होतं.

परवा बाजारात कांद्याची पोती उतरत होती. साली वाऱ्यावर उडून लोकांच्या पायाखाली येत होत्या. मला पाय टाकवेना. एवढ्याशा पापुद्र्यात झाडानं स्वतःसाठी केवढं राखून ठेवलं, आणि त्यातून आपल्याला काही मिळतंय का म्हणून तुम्ही शिकलेली माणसं वर्षानुवर्षं त्या सालीपुढं वाकून बसलाय. मी रस्त्यात उभीच. भाजीवाला यल्लाप्पा विचारत होता, आज्जी, काय हरवलं?

तुम्ही सावकाश शोधा, मला घाई न्हाय. फार उशीर मात्र करू नको. हे शेवटचं वाक्य मी सौम्याला खोडायला सांगितलंय. तिनं खोडलं का न्हाय, मला कळायचं न्हाय.

लोभ आहेच, वाढवायचा तर स्वतः ये.
तुझी आज्जी