हळदीवर ‘केदार क्रीम’

३ डिसेंबर, अकोला.
अमरावतीच्या कमलाकांत वकिलांच्या मोठ्या पोरीचं, जुईलीचं लग्न आटोपलं. पाठ गेली कामातून. आता सगळ्या फोटोंवर मी स्वतः बनवलेला प्रीसेट, ‘केदार क्रीम’. एक क्लिक, की सगळे रंग साईसारखे मऊ. किती जोराचा लावायचा त्याची पट्टी असते, शून्य ते शंभर. मी शंभरच ठेवणार. आर्टिस्टनं भिऊन काम करू नये. फेब्रुवारीत धाकट्या अदितीचं लग्न आहे. ती ऑर्डर आपलीच समजा.

५ डिसेंबर.
कॉम्प्युटर रडून राहिला होता, जागा नाही म्हणे. मूळ फोटो उडवले. फायनल झाल्यावर मूळ ठेवते कोण.

९ डिसेंबर.
चारुशीलाकाकूंचा, म्हणजे जुईलीच्या आईचा फोन. माह्या पोरीले हळद लावली होती का दही, असं विचारून राहिल्या. पिवळा जरा कमी झाला, मान्य. आजकाल पिवळा चालत नाही. समजावून सांगितलं. त्याईले पटलं नाही.

१० डिसेंबर, सकाळी.
ठरलं. जोर ऐंशी. त्याच्या खाली मी उतरणार नाही.

दुपारी.
मूळ फोटोच नाहीत, तर जोर कमी कशाचा करू? दह्यावरच वरून पिवळा टाकला.

१२ डिसेंबर.
आता नवरीले कावीळ झाली म्हणे. मांडव, मावश्या, पंगतीतला भात, सगळंच पिवळं. पिवळ्याचा जोर साठ होता. चाळीस केला, पुन्हा दही. पन्नासवर आत्या हिरवी आली. लय थकलो बाप्पा. डोळे चुरचुरून राहिले. प्रीसेटमध्ये काही खोट नाही. अमरावतीचा उजेडच तसा आहे.

१५ डिसेंबर.
काकू फोनवर रडल्या. जुईली पुण्याले सासरी गेली, घर खायला उठते, पोरीच्या अंगावरची हळद तेवढी पाहायची होती म्हणे. मलेही कसंतरी झालं. जेवण गेलं नाही. दुसरा कॅमेरा माह्या असिस्टंटकडे होता, बाळापूरच्या मोहसीनकडे. त्याच्यापाशी मूळ फोटो असतील. पण असिस्टंटले मागायचं म्हणजे लाज वाटते. उद्या पाहू.

२१ डिसेंबर.
मागितले. तो म्हणे, भाऊ, काकूंनी मलेच फोन केला होता, देऊन आलो. जोर किती ठेवला, मी विचारलं. काही लावलंच नाही म्हणे. नशीब असते एकेकाचं.

२ जानेवारी.
अदितीच्या लग्नाची ऑर्डर मोहसीनले. दिवसभर लेन्स पुसत बसलो. सायंकाळी त्यानंच म्हटलं, भाऊ, तुमी या. एकट्याले झेपणार नाही म्हणून मी हो म्हटलं. अनुभवी माणूस सोबत लागतेच. लाइट धरायचा आहे.

११ फेब्रुवारी, अमरावती.
अदितीची हळद. मी लाइट धरून उभा, दोन्ही हात गुंतलेले. पिवळा जरा जास्त होऊन राहिला, असं मोहसीनले सांगत होतो. तेवढ्यात काकू वाटी घेऊन आल्या. आधी माहे गाल, मग कपाळ, मग नाक, चांगली चोपडली. केदार, आता दिसून राहिली का रे पिवळी, म्हणे. जुईली पुण्याहून आली होती, ती हसता हसता खालीच बसली. काकूही हसल्या. मोहसीननं फोटो काढला.

सायंकाळी.
साबण संपला, रंग जात नाही. मोहसीनले फोन केला, माह्या फोटोवर ‘केदार क्रीम’ मार, शंभरचा. तो म्हणे, भाऊ, काकूंनी तो अल्बमच्या पहिल्या पानावर लावायला सांगितला. आहे तसाच.