श्मिट घराण्याची वंशावळ

नाना, आज तुमचे ते श्मिट आठवले आणि स्वतःचा असा राग आला की तव्यावरची पोळी करपली तरी कळलं नाही. नातीच्या पुस्तकात एका शास्त्रज्ञाचं आडनाव श्मिट होतं. मी पटकन विचारलं, "आणि याच्या वडिलांचं नाव काय गं?" ती म्हणाली, "आजी, त्याच्या वडिलांशी तुला काय करायचंय?"

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. तुम्ही जळगावच्या वाचनालयाचे ग्रंथपाल आणि मी असोद्याहून रोज एसटीने येणारी तुमची मदतनीस. जगातल्या थोर माणसांची कार्डं तुम्ही आडनावाप्रमाणे बुटांच्या खोक्यांत लावून ठेवली होती. निम्मं आयुष्य घातलं होतं त्यात. डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यावर पुस्तकं मी वाचून दाखवायची. श्मिटांचं खोकं तुमचं लाडकं. कुणी पूल बांधणारा, कुणी चित्रकार, कुणी वैद्य, कुणी संस्कृतचा पंडित. "हे आडनाव तिकडे जर्मनीत आपल्या पाटलांसारखं, गल्लोगल्ली," असं तुम्ही सांगितलंही होतं. पण मी ऐकते कसली! आमच्या असोद्यात एका आडनावाची माणसं म्हणजे भाऊबंदच.

वाचनालयाच्या वर्धापनदिनी तुम्ही या श्मिटांवर बोलणार होता. कार्डं नव्याने लिहायचं काम माझ्याकडे आलं आणि मला दुर्बुद्धी सुचली. आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव, एवढंच मला ठाऊक. ज्याच्या नावात मधे फ्रीडरिश, तो फ्रीडरिशचा मुलगा, असं मी धरून चालले. खोक्यात फ्रीडरिश नावाचा एक पूल बांधणारा सापडलाच. झाला तो बाप! बघता बघता चार पिढ्या जमल्या. मोठ्या कागदावर लाल शाईने मी वंशावळ काढली आणि तुम्हाला वाचून दाखवली. आनंद झाला की तुमच्या तोंडी धुळ्याकडची बोली यायची. "बठ्ठं एकच घर शे? सगळे एकाच घरातले? माय, मला इतकी वर्षं दिसलं नाही!" मग तुम्ही विचारलंत, "पुस्तकात आहे ना तसं?" मी म्हटलं, "हो." तुम्ही खिशातलं शाईचं पेन काढून माझ्या हातात दिलंत.

सभेला धुळ्याचे एक प्राध्यापक आले होते, जर्मन शिकलेले. तुमचं बोलणं संपल्यावर ते उठले. "ग्रंथपालसाहेब, ती मधली नावं वडिलांची नव्हेत हो! तिकडे एकाच माणसाला दोन-दोन नावं ठेवतात. यांची जन्मसालं मला ठाऊक आहेत, यातला एक मुलगा तर बापाच्या आधी जन्मलाय." सभा खो खो हसली. तुम्ही चाचपडत कागदाची घडी घातली आणि म्हणालात, "चूक माझी. मुलीने मी सांगितलं तसं लिहिलं." मी खाली मान घालून बसले. उठायला हवं होतं, नाना. एक वाक्य बोलायचं होतं फक्त.

त्यानंतर तुम्ही खोक्यांना हात लावला नाहीत. ती माळ्यावर गेली, तिथे वाळवी लागली. मला एका शब्दाने बोलला नाहीत, उलट रोज विचारायचात, "एसटी वेळेवर मिळाली ना, माय?" दोन वर्षं मी तुमच्यासमोर बसत होते. मग तुम्ही गेलात.

ज्यांना हे सांगितलं ते म्हणतात, अजाण पोरीची चूक ती. मीही तसंच म्हणत आले. खरं सांगू? सभेच्या आदल्या दिवशी वंशावळीत जन्मसालं लिहायला घेतली तेव्हा तो मुलगा बापापेक्षा नऊ वर्षांनी मोठा निघाला होता. तुम्ही समोरच बसून भाषण पुटपुटत होता, चेहरा कसा खुलला होता. मी सालं लिहिलीच नाहीत. तुम्हाला ती दिसणार नव्हती, हेही मला ठाऊक होतं.

हे पत्र तुमच्याच पेनाने लिहायला घेतलं होतं. पहिल्या ओळीनंतर ते ठेवून दिलं आणि नातीची पेन्सिल मागून घेतली.