पितृपक्षातली सही

वाराणसी. शनिवार, भाद्रपद वद्य पंचमी, १९९४

आज पुन्हा हायस्कूलच्या इमारतीची मीटिंग, आणि पुन्हा काहीच नाही. नकाशा तयार आहे. अनुदानाचा अर्ज मी तीनदा उतरवून काढला, एक खाडाखोड नाही. हवी फक्त समितीचे अध्यक्ष नानाशास्त्री यांची सही. बुधवारपर्यंत अर्ज कचेरीत पोचला नाही तर यंदाचं अनुदान गेलं.

नाना म्हणाले, "अरे, पितृपक्षात नव्या वास्तूच्या कागदावर सही करतात का? नवरात्रात बघू." बाकीच्या विद्वानांनी माना डोलावल्या. नानांचं पेन खिशातच राहिलं.

तेवढ्यात दारात एक यात्रेकरू आला. "महाराज, कल पिताजी का श्राद्ध करवाना है." नानांनी लगेच पेन उघडलं, डायरीत वेळ लिहिली, टोपण लावलं. कुणाला काही वावगं वाटलं नाही. म्हणे विद्वान.

घरी आल्याबरोबर कुसुमने विचारलं, "दादा, झाली सही?" ती सहावीत आहे. इथली शाळा आठवीपर्यंतच; तिची आठवी संपेपर्यंत इमारत उभी राहिली तरच तिला नववी. दूरच्या शाळेत आई पाठवणार नाही. माझंही शिक्षण आठवीला थांबलं, तेव्हाही यांच्या मीटिंगाच चालू होत्या.

सोमवारी बाबांचं श्राद्ध. विधी सांगायला नानाच येणार, खिशात पेन घेऊन. दक्षिणेच्या आधी अर्ज पुढे करायचा. सही नवरात्रात म्हणाले, तर दक्षिणाही नवरात्रात.