उरलेली दोन वर्षं

मंगळवार, १४ तारीख

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. आईचा गुडघा बरा आहे. ह्यांनी गॅलरीत टोमॅटो लावलेत, नुसती पानंच पानं. मी सकाळपासून तीनदा चहा केला आणि तिन्हीदा प्यायचा विसरले.

राज्यप्रमुख अचानक वारले आणि त्यांचा कारभार तुझ्याकडे आला, तेव्हापासून आई शेजारणींना बोलावून बोलावून तुला टीव्हीवर दाखवते. मुलगा उपप्रमुख होता, आता प्रमुख झाला म्हणते. मी म्हटलं, झाला नाही गं, सध्या सांभाळतोय. तिनं आवाज वाढवला, टीव्हीचा.

मुद्द्यावर येते. येते म्हणते आणि उठून पंखा बंद करते, परत लावते.

प्रमुखाची जागा रिकामी झाली तर उपप्रमुखानं काम बघावं, एवढंच कायद्यात आहे. किती काळ, ते कुणी लिहिलंच नाही. मुदतीची उरलेली दोन वर्षं, की निवडणूक होईपर्यंत? हे ठरवायला नेमलेल्या समितीनं आमच्या विधी खात्याचं मत मागवलं आणि फाइल माझ्याच टेबलावर आली. भाऊ आहे, मला नको, असं मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "समितीला ठाऊक आहे. तरी तुम्हीच लिहा. बाकीचे वारा येईल तशी पाठ देतील."

लिहिलं, दादा. सहा महिन्यांत निवडणूक, उपप्रमुख तोवरच. काल सही करून दिलं. उद्या समितीत वाचतील, आणि तुझी माणसं म्हणतील, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. त्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र आजच हातोहात पाठवतेय. आईला सांगायचा धीर झालेला नाही.

तू रागावशील. पण बाबा गेले त्याच आठवड्यात तू त्यांच्या खुर्चीत बसून घरचं ठरवायला लागलास, आठवतं? चांगलंच ठरवलंस, माझं शिक्षण त्यातूनच झालं. फक्त कुणाला विचारलं नाहीस. आई परवासुद्धा म्हणाली, "विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं गं, दुसरं काय."

रविवारी जेवायला येणार होतास. येशील की नाही, माहीत नाही. पान मी मांडणार आहे.

निवडणुकीला उभा राहा, दादा. माझं मत तुलाच आहे. पण ते मला देऊ दे.

तू बोलायचं टाकलंस तरी तुझीच,
बारकी